अमीनाबीनं सांगितलेलं

यंदा नाशिकला थंडी लवकर उतरली. पौष लागायच्या आधीच न्हाणीघरातलं खोबरेल गोठलं. सूनबाईनं बाटली अंगणात उन्हाला ठेवली आणि तिच्या शेजारी माझी खुर्ची टाकली. म्हातारी माणसं आणि गोठलेलं तेल, दोघांनाही या दिवसांत ऊनच लागतं. तेल काचेच्या कडेनं आधी सुटतं, मधला पांढरा गोळा बराच वेळ तसाच तरंगत राहतो. मी ते बघत बसलो होतो, तेवढ्यात फाटक वाजलं.

एक मुलगी होती. खांद्याला शबनम, हातात छापील कागदांचा गठ्ठा. कुठल्याशा साबणाच्या कंपनीसाठी ती गंगापूर रोडवरच्या घराघरांतून विचारपूस करत हिंडत होती. घरात माणसं किती, कपडे कोण धुतं, साबण कोण निवडतं, वडी किती दिवस पुरते. सूनबाई हसत हसत उत्तरं देत होती आणि मुलगी कागदावरच्या चौकोनांत खुणा करत होती. ती निघाली तेव्हा मी तिला विचारलं, या सगळ्याचं पुढं करता काय? ती म्हणाली, "आजोबा, काळजी करू नका. आम्ही कुणाचं नाव लिहून घेत नाही."

ती शेजारच्या फाटकाकडे गेली. मी मात्र तिथंच बसून राहिलो. नाव आम्हीसुद्धा लिहिलं नव्हतं.

तो हिवाळा दुसऱ्या महायुद्धाच्या आधी चार-पाच वर्षं येऊन गेला. तेव्हा हा गंगापूर रोड म्हणजे पेरूच्या बागा आणि बैलगाड्यांची चाकोरी. सातपूर साधं खेडं होतं. माझा मुलगा आज ज्या कारखान्यात पाळीला जातो, तिथं बाजरी डोलायची. नाशिक म्हणायचं ते गंगेच्या दोन काठांना. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. त्या दिवसांत सकाळी गंगेवर इतकं धुकं असे की पलीकडची पंचवटी दिसायची नाही, नुसत्या घंटा ऐकू यायच्या. भांडी बाजारात तांबटांचे हातोडे सुरू झाले की दिवस उजाडला असं समजायचं. घरोघरच्या बंबांचा धूर गल्लीत खाली खाली घुटमळत राहायचा, आणि शाली पांघरलेली माणसं त्या धुरातून एकमेकांना आवाजावरून ओळखायची.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. आम्ही मूळचे मखमलाबादचे शेतकरी. शेत थोरल्या भावाकडे राहिलं आणि मी गावात एका वैद्यांकडे औषधं कुटायला लागलो. त्यांच्या हाताखाली तेल सिद्ध करायला शिकलो. माका, ब्राह्मी, आवळा, जास्वंद. वैद्य गेले आणि मी ठरवलं की आपण केसांचं तेल काढायचं. रविवार कारंज्याजवळ आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. मागच्या पडवीत चूल मांडली, तांब्याची कढई आणली. तेलाला माझ्या बायकोचं नाव दिलं, इंदुमती. इंदूला ते फारसं आवडलं नव्हतं. आपलं नाव बाटलीवर चिकटून दुकानोदुकानी फिरणार, एवढंच ती म्हणाली. मी ते हसण्यावारी नेलं.

तेल चांगलं होतं. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. कढईत माक्याचा रस आटत आला की पडवीभर एक हिरवा, कडवट वास पसरायचा आणि इंदूच्या पातळाला तो दिवसभर यायचा. पण तेल खपत नव्हतं. मेन रोडवरच्या दुकानदारांनी बाटल्या ठेवून घेतल्या, त्या मागच्या फळीवर धूळ खात राहिल्या. दुकानात यायचे ते पुरुष. त्यांना घरून जे सांगितलेलं असे ते ते मागायचे, आणि घरून सांगणाऱ्या बायकांच्या मनात काय असतं ते ना त्या पुरुषांना ठाऊक, ना दुकानदाराला, ना मला.

मुंबईहून एक फिरता एजंट महिन्या-दोन महिन्यांनी नाशिकला यायचा. तो मला म्हणाला, विलायती कंपन्या आधी माल करत नाहीत, आधी विचारतात. माणसं घरोघर पाठवून गिऱ्हाइकाच्या मनातलं काढून घेतात. मुंबईत असं काम करून देणारे लोक आहेत. त्यांची फी ऐकल्यावर मी समोरचा चहा पिऊन टाकला आणि विषय बदलला.

मग मी बिनखर्चाच्या वाटा शोधू लागलो. वाचनालयात खानेसुमारीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. आठ दिवस ते उलटंपालटं करून नाशिक तालुक्यात बायका किती, हे मला कळलं. त्या डोक्याला काय लावतात हे त्यात नव्हतं. जिल्ह्याच्या व्यापाराचा एक सरकारी अहवाल मिळवला. त्यात तेलाचे घाणे होते, तिळाचं क्षेत्र होतं. जकात नाक्यावरच्या ओळखीच्या कारकुनाला विचारून बाहेरून तेलाच्या किती पेट्या येतात ते लिहून घेतलं. एक दिवस मेन रोडवर एका मोठ्या दुकानासमोर उभं राहून कोण काय घेतं ते टिपत होतो, तर दुकानदारानं बाहेर येऊन विचारलं, बायाबापड्यांकडे बघत काय उभा राहतोस? त्यानंतर ते बंद केलं. इंदूनं गंगेवर धुणं धुताना दोघी-तिघींकडे विषय काढून पाहिला. त्या म्हणाल्या, नवऱ्याचा धंदा बसला वाटतं. इंदू धुणं उचलून घरी आली.

आणि मार्गशीर्षातल्या एका दुपारी अमीनाबी आली.

अमीनाबी बांगड्या भरायची. भद्रकालीच्या मागं तिचं घर. पन्नाशीची, उंच, पांढरी ओढणी, स्वतःचं मनगट मोकळं. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, आणि एक मुलगीही विधवा होऊन परत आलेली होती. दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा ती खांद्यावरून पुढं-मागं सोडायची आणि त्यांवर एक फडकं टाकायची. चालताना त्यांचा आवाज नळाखाली कळशी भरावी तसा यायचा. ब्राह्मणाचं घर असो, सराफाचं असो की तांबटाचं, ओसरीपर्यंत तिला कुणी अडवत नसे. बायका तिला बी म्हणायच्या. संक्रांत जवळ आली की तिला उसंत नसे. हळदीकुंकवाला प्रत्येकीला हातभर नवी बांगडी लागायची. ते दीड-दोन महिने म्हणजे तिचं वर्षाचं पीक.

मी पडवीत तेल गाळत होतो. मध्ये गोणपाटाचा पडदा होता. अमीनाबीनं इंदूचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला असावा. "बेटी, हात ढिला सोड," असं म्हणून ती अंगठ्याखालचं हाड दाबत होती आणि दाबता दाबता बोलत होती. कुणाची लेक बाळंतपणाला आली, कुणाच्या हातावर पुरळ आलंय, कुणाची सासू बांगडी वाढवली तरी नवी भरू देत नाही. इंदूही बोलत होती. माझ्याशी कधी बोलली नव्हती असं बोलत होती. माहेरची आठवण, डोकं दुखतं ते, माझ्या तेलाचा वास जेवताना नकोसा होतो तेसुद्धा. मी गाळणं हातात धरून उभा राहिलो. आठ दिवस जाड पुस्तकात जे शोधत होतो ते गोणपाटापलीकडे बसलं होतं.

अमीनाबी निघाली तेव्हा मी तिला थांबवून माझी अडचण सांगितली. तिनं ती शांतपणे ऐकली. तिला हसू आलं नाही. म्हणाली, "भाऊ, बाईचा हात हातात घेतला की बाई बोलते. मी विचारीन. पण कोण बोललं ते सांगणार नाही."

मी तिला मोबदल्याचं विचारलं, तर तिनं वेगळीच गोष्ट मागितली. मेन रोडवर बांगड्यांचं एक नवं दुकान निघालं होतं, काचेच्या कपाटाचं. ते कुठल्या गावची काच आणतात, कसल्या नक्षीची आणतात, हे तिला कळायला हवं होतं. बाटल्यांचं पार्सल सोडवायला मी नाशिक रोडला स्टेशनवर जायचो, मालधक्क्यावरचा बाबू माझ्या ओळखीचा होता. तेवढं त्याला विचारून ये, ती म्हणाली. तीही शेवटी माझ्यासारखीच एकटीनं धंदा करणारी. मी हो म्हणालो. त्या हिवाळ्यात मी चार वेळा स्टेशनवर गेलो. एकदाही विचारलं नाही. दर वेळी परतीच्या टांग्यात आठवायचं.

तिनं मात्र शब्द पाळला. दर चार-पाच दिवसांनी दुपारी यायची, माळा उतरवून ओसरीवर बसायची, पाणी प्यायची आणि सांगायची. मी वहीत उतरवून घ्यायचो. पंचवटी, सोमवार पेठ, भांडी बाजार, गल्लीवार. तिच्याकडून मला जे कळलं ते मुंबईच्या कुठल्या साहेबाला कळलं नसतं.

मोठ्या घरात तेल सासू वाटीत ओतून देते, सुनेच्या हाती बाटली येत नाही. म्हणून बाटली लहान हवी, ट्रंकेत पातळाखाली राहील अशी. मोगऱ्याचा वास लग्नाआधी चालतो, नंतर घरात वडील माणसं असतात, वाळ्याचा मंद वास बरा. थंडीत तेल गोठलं की पहाटेच्या घाईत बायका ते लावतच नाहीत, म्हणून त्यात तिळाचं तेल जास्त हवं. आणि माझ्या लेबलावर मी हौसेनं मोकळ्या केसांची बाई छापली होती. अमीनाबी म्हणाली, अशी बाटली देवघर असलेल्या घरात कोण आणू देईल? मोकळे केस अशुभ. तिला खोपा घाला.

मी लेबल बदललं. बाटली लहान केली. वाळा घातला. आणि पौष लागता लागता तेल खपू लागलं. मागच्या फळीवरून बाटल्या पुढं आल्या. दुकानदार निरोप धाडू लागले. सकाळी पडवीत कढई चढवताना मी गाणं गुणगुणायचो, आणि थंडीनं तडकलेल्या हातांना इंदू तेच तेल चोळायची. त्या दिवसांचं ऊन मला आठवतं. ओसरीच्या कडेनं सरकत जाणारं, बांगड्यांच्या माळांवर पडलं की भिंतीवर हिरवे-लाल कवडसे उमटवणारं. आमच्या संसारात तितके हलके दिवस फारसे आले नाहीत.

तेवढ्यावर थांबलो असतो तर.

एका दुपारी मी बाहेरून आलो आणि मागच्या दारानं पडवीत शिरलो. अमीनाबी इंदूशी बोलत होती. मी घरात आहे हे तिला ठाऊक नव्हतं. आवाज अगदी खाली होता. भांडी बाजारातल्या एका घरची धाकटी सून. गणपतीच्या दिवसांत पहिली मुलगी झाली आणि त्यानंतर केस मुठी मुठीनं गळाले. मध्ये टाळू दिसते. पोरगी माहेरून आणलेलं उसन्या केसांचं गंगावन लावून अंबाडा घालते, भल्या पहाटे सगळ्यांच्या आधी उठून न्हाते. सासूला माहीत नाही, नवऱ्यालाही नाही. हात हातात होता म्हणून माझ्याकडे रडली, अमीनाबी म्हणाली. तिच्यासाठी एक बाटली हवी होती, कुणाला न कळता. इंदूनं ती फडक्यात गुंडाळून दिली.

ते माझ्यासाठी सांगितलेलं नव्हतं. मी ते वहीतसुद्धा लिहिलं नाही. डोक्यात मात्र ठेवलं.

संक्रांतीच्या आधी मला हस्तपत्रक छापायचं होतं. त्या काळी तेलाच्या जाहिरातीला कुणाचा तरी अनुभव लागायचा, आणि माझ्याकडे लिहून देणारं कुणी नव्हतं. मी टाक उचलला आणि लिहून काढलं. भांडी बाजारातल्या एका अब्रूदार घरची धाकटी सून, पहिल्या बाळंतपणानंतर केस गेलेले, गंगावनावर दिवस काढणारी. महिनाभर इंदुमती तेल लावलं आणि आता तिला गंगावन लागत नाही. तिच्या हाती बाटली पोहोचून तेव्हा आठवडाही झाला नव्हता. अर्धं खरं, अर्धं खोटं. खरं होतं तेवढं तिचं होतं आणि खोटं माझं.

मी ते इंदूला वाचून दाखवलं. ती तिळाची पोळी लाटत होती. तिनं लाटणं बाजूला ठेवलं.

"हे छापू नका. बीनं हे तुम्हाला नव्हतं सांगितलं."

मी म्हणालो, नाव कुठं आहे यात?

"गावाला नाव लागत नाही," ती म्हणाली.

मी तिला समजावलं, शहर केवढं, भांडी बाजारात घरं किती, सुना किती. तिनं पोळी तव्यावर टाकली. मी कागद घेऊन छापखान्यात गेलो.

पिवळ्या कागदावर पत्रकं छापून आली. तिळगुळाच्या खरेदीला गर्दी असते त्या दिवशी रविवार कारंज्यावर ती वाटली, दुकानादुकानांत ठेवली. तेल हातोहात गेलं. जे लोक माझ्या बाटलीकडे बघत नव्हते ते पत्रक वाचून हसत होते आणि बाटली घेत होते. ते का हसतात हे मी स्वतःला विचारलं नाही.

चार दिवसांनी मेन रोडवरच्या एका दुकानदारानं मला हकीकत सांगितली. सासूनं कुणाकडून तरी पत्रक वाचून घेतलं. नुकतीच पहिली बाळंत झालेली धाकटी सून त्या घरात एकच होती. तिनं धाकट्या सुनेला चौकात पाटावर बसवलं, सगळ्या जावा-नणंदांसमोर, आणि केस सोडायला सांगितले. गंगावन हातात आलं. आम्हाला फसवलं म्हणून ओरडाआरडा झाला. दुसऱ्या दिवशी टांग्यात घालून तिला मुलीसकट सिन्नरला माहेरी धाडलं. दुकानदार हे रंगवून सांगत होता आणि शेवटी हसला. त्याच्याबरोबर मीही हसलो. त्या हसण्याइतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाचीच वाटलेली नाही. हसत हसतच मी त्याची मागणी लिहून घेतली. नेहमीच्या दुप्पट होती.

घरी येताना गार वारा सुटला होता. गंगेकडून येणारं ते वारं कानाला झोंबायचं. त्या तान्ह्या मुलीला टांग्यात काय पांघरलं असेल, असं मनात आलं, आणि मी पाय उचलले.

त्यानंतर अमीनाबी आठवडाभर आली नाही. आली तेव्हा भर दुपार होती, संक्रांत झाली होती, तिळगुळ देणं-घेणं चालू होतं. तिच्या माळा भरलेल्या होत्या. एरवी या दिवसांत खांद्यावर नुसत्या दोऱ्या उरायच्या. ती ओसरीवर बसली नाही. खालच्या पायरीवर उभी राहिली. इंदू पाणी घेऊन आली, तिनं ते घेतलं नाही.

ती म्हणाली की भांडी बाजारात आता तिला कुणी हाक मारत नाही. पंचवटीतही बायका दार लोटून घेतात. बीजवळ बोललेलं कागदावर छापून येतं, असं झालंय. हे सगळं तिनं आवाज न चढवता सांगितलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "भाऊ, तीस वर्षं मी बायकांचे हात धरले. बांगडी फुटली असेल, पण कुणाला काच लागू दिली नाही."



तिनं एकच मागितलं. मी त्या घरी जावं आणि घरच्या कर्त्या माणसाला सांगावं की बीनं काही सांगितलं नाही, मीच मनानं रचून लिहिलं. एवढं झालं तर बायका पुन्हा हात पुढं करतील. आणि त्या पोरीलाही कदाचित बरं वाटेल, कारण आपल्याला बीनं विकलं असं ती सिन्नरला बसून समजत असेल.

मी कबूल केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगरखा घालून निघालोही. भांडी बाजाराच्या तोंडाशी आलो. हातोड्यांचा ठणठणाट चालू होता, दुकानांतली पितळ उन्हात अशी तळपत होती की डोळे मिटावेत. ते घर तिथून दिसत होतं. खाली दुकान, वर बिऱ्हाड. दुकानात तीन-चार माणसं बसली होती. मला एकदम आठवलं की मेन रोडवरचा तो दुप्पट मागणी देणारा मोठा दुकानदार याच घरचा जावई. मी कबूल केलं तर त्याची मागणी जाणार, आणि तेल खोट्या अनुभवावर विकतो असं गावभर होणार. तिथं मी किती वेळ उभा राहिलो कुणास ठाऊक. परत आलो आणि इंदूला सांगितलं की कर्ते गृहस्थ गावाला गेलेत. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बरं म्हणाली. चार दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, अजून आले नाहीत.

पाचव्या दिवशी दुपारी ती घरात नव्हती. चूल निवलेली, दाराला कडी. मी पायरीवर वाट बघत बसलो. ऊन भिंतीवर चढलं तेव्हा ती आली. धुवट पातळ नेसली होती, डोक्यावरून पदर.

"मी जाऊन आले," ती म्हणाली.



तिनं सांगितलं ते थोडक्यात सांगितलं. "त्या घरच्या सासूबाईंना भेटले. म्हणाले, तुमच्या सुनेचं गंगावन मीच गंगेवर पाहिलं होतं. बीला यातलं काही ठाऊक नाही. मी घरी येऊन बोलले आणि यांनी ते लिहिलं."

"पण तू तर काही पाहिलं नव्हतंस."

"कुणीतरी म्हणायला हवं होतं," इंदू म्हणाली आणि आत जाऊन चूल पेटवायला बसली.

मी तिला तेव्हाच काहीतरी म्हणायला हवं होतं. पुढं चाळीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो, हातात हात घेऊन तिचं डोकं कधी दुखतं हे विचारायला हवं होतं. माणसाला जवळच्या माणसाची माहिती फुकट मिळते आणि म्हणून तो ती घेत नाही. आज ती असती तर मी हे वाक्य तिला वाचून दाखवलं असतं. ती नाही, म्हणून कागदावर लिहितोय.

रथसप्तमीच्या आधी इंदूचं हळदीकुंकू होतं. लग्नानंतर दर वर्षी ती करायची. गल्लीतल्या आणि आजूबाजूच्या पंचवीस-तीस बायका यायच्या, आमची ओसरी पुरायची नाही. त्या वर्षी तिनं वाणाला लहान लहान लाकडी फण्या आणल्या होत्या. सकाळी सडा घातला, रांगोळी काढली, हलव्याचे काटे नीट फुललेत का ते पाहिलं, ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे सुपात मांडले. दुपारी तीनपासून ती सतरंजीच्या टोकाला बसली. मी पडवीत होतो. गल्लीतून बायका जाताना ऐकू येत होत्या, पातळांची सळसळ, हसणं, पलीकडच्या घरात शिरताना दाराशी होणारी बोलाचाली. आमच्या दारापाशी आवाज थोडे खाली यायचे आणि पुढं जायचे.

कुणी आलं नाही. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, आज जरा अंगात कणकण आहे. थोड्या वेळानं त्याच काकू नवं लुगडं नेसून समोरच्या घरात गेल्या. ऊन ओसरीवरून उतरलं. इंदू उठली नाही, तिनं एकदा रांगोळीवरून चाललेली मुंगळ्यांची रांग कुंच्यानं बाजूला केली, तेवढंच.

दिवेलागणीच्या आधी पायरीवर अमीनाबी आली. हळदीकुंकवाला तिला बोलवायचा रिवाज नव्हता आणि ती बोलावल्यावाचून कुठं जात नसे. तिच्या माळा निम्म्या रिकाम्या होत्या. इंदू उठून उभी राहिली आणि तिला हाताला धरून आत सतरंजीवर घेऊन आली. दोघी बोलू लागल्या. गोणपाटाचा पडदा होता, ऐकायला काही अडचण नव्हती. मी चप्पल घातली आणि मागच्या दारानं बाहेर पडलो.

पाय भांडी बाजाराकडे वळले. हातोडे थांबले होते. दुकानं आवरत होती. मी त्या दुकानाच्या पायऱ्या चढलो. गादीवर एक साठीचे गृहस्थ बसले होते, तेच घरचे कर्ते. मागच्या जिन्यावरून वरच्या मजल्यावरचे आवाज येत होते. एक लहान मूल रडलं आणि कुणीतरी त्याला थोपटायला लागलं. ते कुणाचं, ते मला कळलं नाही. सिन्नरहून कुणी परत आलं होतं की ते दुसऱ्याच कुठल्या सुनेचं होतं, एवढं विचारायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य आणि त्यानंतर म्हणायचं दुसरं वाक्य, दोन्ही मी वाटेत जुळवून ठेवली होती.

त्यांनी मान वर केली. मला ते ओळखत नव्हते. फार गोड आवाजात म्हणाले, "या, बसा. काय देऊ?"

मी म्हणालो, "एक तांब्या."

त्यांनी तीन-चार तांबे काढून दाखवले. एक वाजवून दाखवला, काठ हातानं फिरवून बघा म्हणाले. मी बघितला. तो कागदात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिला आणि मी पायऱ्या उतरलो.

घरी आलो तेव्हा अमीनाबी गेली होती. इंदूच्या हातात नव्या हिरव्या बांगड्या होत्या. तिनं कागद सोडला, तांब्या बघितला आणि तो कुठून आणला हे तिला कळलं असावं, कारण त्या बाजारात तेव्हा प्रत्येक घराचा घडाईचा ठसा असायचा. चिंचेनं घासून तिनं तो धुतला, पाण्यानं भरला आणि माझ्या पानाशी आणून ठेवला.